दुसऱ्या ड्रायव्हरचा रकाना

"गाडी पाहिजे. ड्रायव्हर नको."

बुलढाण्याच्या बस स्टँडसमोर भाड्याच्या गाड्या उभ्या असतात, तिथं मी हे वाक्य तिसऱ्यांदा म्हणत होते. पहिल्या दोघांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि चहा प्यायला निघून गेले. तिसरा आपल्या पांढऱ्या गाडीला टेकून संत्रं सोलत होता.

"ड्रायव्हर नको? मंग ढकलत नेता का, मॅडम?"

"मी चालवणार आहे."

"येते?"

"लायसन्स आहे माझ्याकडे."

"म्या लायसन्सचं नाई इचारलं," तो म्हणाला आणि संत्र्याची एक फोड माझ्यापुढे धरली. मी रागावलेली होते, तरी घेतली. गोड निघाली, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

त्याचं नाव आल्हाद. आणि खरं सांगायचं तर मला गाडी येत नव्हती. अठराव्या वर्षी बाबांनी माझ्याकडून लायसन्स काढवून घेतलं, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून ते कपाटात घराच्या कागदांखाली जाऊन बसलं, ते नऊ वर्षं. आता ते बाहेर काढायची वेळ आली होती, कारण माझं काम मोठं विचित्र आहे. आमच्या माडीवरच्या खोलीत बसून मी एका परदेशी कंपनीसाठी लिहिते – भूमध्य समुद्राच्या काठाला गाडी भाड्यानं कशी घ्यावी आणि जुनी शहरं कशी पाहावीत. स्पेनमधल्या तारागोनात रोमन रंगमंडपाजवळ गाडी कुठे लावायची, जुन्या वेशीतल्या कुठल्या गल्लीत शिरायचं नाही, सगळं मला तोंडपाठ. समुद्र मात्र मी एकदाही पाहिलेला नाही!

आणि डिसेंबरात कंपनीनं कळवलं – तूच ये. तारागोनापासून फ्रान्सातल्या मार्सेयपर्यंत चाळीस दिवस, भाड्याची गाडी, एकटी. लिखाण आवडलं तर मार्सेयच्या ऑफिसात दोन वर्षांची नोकरी. निघायला अडीच महिने होते.

हे सगळं मी त्याला भर रस्त्यात, संत्रं खात सांगून टाकलं. का सांगितलं? विचारू नका. तो ऐकत होता म्हणून.

"गाडी देतो," शेवटी तो म्हणाला. "पण मी बाजूले बसीन. गाडी माही हाय, अन् तुमी नवीन हाय. दर रईवारी सकाळी. मंजूर?"

"मंजूर."

पहिल्याच रविवारी मला त्याच्या पायाचा शोध लागला. बाजूच्या सीटवर बसून तो तोंडानं अगदी शांत असायचा, पण त्याचा उजवा पाय... समोर बकरी दिसली की तो पाय खालच्या चटईवर दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता. नुसती रबरी चटई. तरी तो दाबायचा, जीव खाऊन.

"तिथं काही नाहीये हो," मी म्हणाले.

"माहीत हाय."

"मग दाबता कशाला?"

"पायाले माहीत नाई ना, मॅडम."

मी इतकी हसले की गाडी बंद पडली.

खरी पंचाईत पुढेच होती. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, स्टेअरिंग डावीकडे, गियर उजव्या हातात. हे आल्हादनं नीट ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी तो मला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेला. मैदानभर कबड्डीची फक्की टाकून त्यानं रस्ते आखले होते – दुपदरी रस्ता, तीन वळणं, मधोमध गोल चौक. पहाटे येऊन एकट्यानं आखलं होतं सगळं. बाह्या पांढऱ्या, भुवयासुद्धा पांढऱ्या.

"स्टेअरिंग तं मले हलवता येत नाई," तो म्हणाला, "म्हणून म्या रस्ताच हलवला."

आजवर माझ्यासाठी कुणी साधी खुर्ची सरकवली नव्हती, आणि याने अख्खा रस्ता...

गियरची युक्तीही त्याचीच. त्यानं मला डावीकडच्या सीटवर बसवलं, स्वतः स्टेअरिंगवर. क्लच तो दाबणार, गियर मी टाकायचा – उजव्या हातानं, तिकडच्यासारखा. तो फक्त म्हणायचा, "आता." आणि मी टाकायचे. पहिला, दुसरा, तिसरा. एक गाडी दोघं चालवतोय आणि कुठे करकर नाही, धक्का नाही. दहाव्या फेरीला तो "आता" म्हणायलाही विसरला. मला त्याच्या श्वासावरून कळलं आणि मी गियर टाकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहिलं. समोर काही नव्हतं, फक्कीची रेघ होती, पण मी ती फार लक्ष देऊन पाहिली.

घरी आईनं विचारलं, "गाडी शिकून आलीस, मग गाल काऊन लाल?"

"ऊन होतं."

"जानेवारीत?" आई शाळेत शिकवते. तिला खोटं उत्तर लगेच दिसतं.

मग मी माझ्या प्रवासाचा नकाशा जिल्ह्यावर पसरला. रोहिणखेड म्हणजे तारागोना – जुना दगड, कोरीव काम, अरुंद गल्ल्या. सिंदखेडराजा म्हणजे वाटेवरचं जुनं रोमन शहर आर्ल. बीबी गावचा बाजार म्हणजे मार्सेयचं बंदर, गर्दीत गाडी चालवायला. आणि लोणार म्हणजे समुद्र. आल्हादनं यादी वाचली आणि गंभीरपणे विचारलं, "व्हिसा लागते का बीबीले?"

रोहिणखेडची जुनी मशीद पाहून आम्ही परत निघालो होतो. मशिदीच्या भिंतीवरचं नक्षीकाम मी बोटांनी पाहिलं होतं, मन भरून आलं होतं. मोताळ्याकडे वळण आलं आणि मी झोकात गाडी वळवली... सरळ उजव्या बाजूला. मैदानावरचा फ्रान्स हातात इतका मुरला होता की खरा रस्ता विसरले. समोरून एसटी. तिचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे.

त्याचा पाय चटईवर धाडकन आदळला, आणि त्याच क्षणी त्याचा हात माझ्या हातावर आला. स्टेअरिंग डावीकडे फिरलं. एसटी वारा देऊन निघून गेली. गाडी बाभळीखाली थांबली. हरभऱ्याच्या शेतावरून गार वारा येत होता.

आता ओरडेल, मला वाटलं. त्यानं ओरडावं असंच मला वाटत होतं.

"हे फ्रान्स नाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मोताळा हाय."

मी हसता हसता रडले. हात त्यानं लगेच काढला नाही. मीही माझा काढला नाही. मग मागून एक ट्रॅक्टर आला आणि आम्ही दोघंही घाईघाईनं शहाण्यासारखे बसलो.

त्या दिवशी मला कळलं की मी प्रेमात पडले आहे. आणि हेही कळलं, की जितकी मी चांगली गाडी चालवीन, तितकी लवकर त्याच्यापासून दूर जाईन. आणि तो तर मला मन लावून शिकवत होता! एखादा रविवार तरी चुकवावा, एखादं वळण शिकवायचं विसरावं... पण नाही. रविवारी सहा वाजता त्याची गाडी दारात उभी.

शेवटचा रविवार लोणारचा. सिंदखेडराजा पाहून, बीबीच्या बाजारातून, कांद्याच्या पोत्यांमधून मी गाडी अलगद काढली. मी चोरून पाहिलं – त्याचा पाय हलला नाही. मला वाईट वाटलं.

सरोवराच्या काठापर्यंत उतरलो. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट, उग्र.

"समुद्र असाच असेल?"

"खारा असीन. पण समुद्राचा पलीकडचा काठ दिसत नाई म्हणतात." तो पाण्याकडे पाहत होता. "आपला बरा हाय. इथं उभं राह्यलं तं तिकडचं झाड बी दिसते."

मी ओलं बोट रुमालाला पुसलं.

"जिथला काठ दिसत नाई, तिथं जाऊन राह्यली तू," तो म्हणाला. पहिल्यांदा 'तू' म्हणाला. "वापस कधी?"

"चाळीस दिवसांनी. नाहीतर... दोन वर्षांनी."

मला हवं होतं त्यानं म्हणावं, नको जाऊ. मी गेलेच असते, खोटं कशाला सांगू? पण त्यानं म्हणावं. एकदाच.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "काम चांगलं हाय."

परतीच्या वाटेवर मी सगळे गियर चुकीचे टाकले.

मार्चमध्ये निघायचा दिवस आला. मुंबईची रेल्वे मलकापूरहून दुपारी. आईला दहावीच्या परीक्षेवर ड्युटी होती, तिनं दारातच दही-साखर हातावर ठेवली आणि तोंड फिरवलं. बाबा सोडायला आले. त्यांना राजूरचा घाट लागतो, म्हणून गोळी घेऊन, मफलर गुंडाळून ते मागच्या सीटवर झोपले. आल्हादनं किल्ली माझ्या हातात दिली.

"शेवटचा पेपर," तो म्हणाला.

घाटाची सगळी वळणं मी नीट उतरले. सागाची पानं झडली होती, खाली मोताळ्याचा सपाट मुलूख उन्हात पसरला होता. त्याचा पाय स्वस्थ. मागून बाबांचं घोरणं.

"आल्हाद," मी हळूच म्हणाले, "तू मला एकदाही नको जाऊ म्हणाला नाहीस."

"म्हटलं असतं तं थांबली असती?"

"नाही."

"मंग?"

"तरी म्हणायचं होतं!"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. "सवारीले म्या कधी अर्ध्या रस्त्यात उतरवलं नाई, हिमानी. जिथं जायचं तिथं पोचवतो. तुलेच काऊन अडवू?"

माझे डोळे भरले. रस्ता धूसर दिसायला लागला, म्हणून मी गाडी हळू केली. तो फक्त माझ्या बाजूची काच थोडी खाली कर म्हणाला. वाऱ्यानं डोळे सुकले.

मलकापूर स्टेशनसमोर लिंबाखाली मी गाडी लावली. अगदी सरळ. हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली, इंजिन बंद. बाबा जागे झाले आणि कुठल्या फलाटावर गाडी येते ते विचारायला गेले. आम्हाला मिळाली ती तेवढी दोन मिनिटं.

"तिकडं गाडी भाड्यानं घेताना एक फॉर्म असतो," मी म्हणाले. "त्यात दुसऱ्या ड्रायव्हरचा रकाना असतो. मी तो रिकामा ठेवलाय."

"त्याले काय लागते?"

"लायसन्स. आणि पासपोर्ट."

"लायसन्स हाय," तो म्हणाला. पासपोर्टचं त्यानं नावच काढलं नाही.

मी दार उघडायला वळले आणि माझी नजर खाली गेली. गाडी उभी होती. इंजिन बंद होतं. समोर ना बकरी, ना एसटी. तरी त्याचा उजवा पाय त्या चटईवर गच्च दाबलेला होता. इतका, की गुडघा थरथरत होता.

"आल्हाद... गाडी थांबलीय."

"माहीत हाय," तो म्हणाला. पाय मात्र त्यानं उचलला नाही.

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, क्षणभर. एवढंच. बाबा हातवारे करत येत होते.

तारागोनात मी समुद्र पाहिला. त्याला खरंच पलीकडचा काठ नाही. दोन आठवडे नुसते कागद आणि ओळखी झाल्या, मग एका सकाळी काउंटरवरच्या बाईनं मला एका लाल गाडीची किल्ली दिली. मी डावीकडे बसले. उजव्या हाताला गियर. उजव्या बाजूची सीट रिकामी होती, म्हणून तिच्यावर मी माझी पिशवी ठेवली. खालची चटई कोरी करकरीत. ती पाहून मला तिथंच रडू यायला लागलं, आणि फोन वाजला. आल्हादचा.

"हिमानी, घरी पोलीस येऊन गेले."

"काय?" मी ओरडलेच. "काऊन? काय केलंस तू?"

"चौकशीले आले व्हते. पासपोर्टच्या." तो दम खाऊन म्हणाला, "तू गेली त्याच संध्याकाळी अर्ज केला म्या. शेजारच्यायची साक्ष लागते ना, तं बेबीताईले इचारलं त्यायनं, की पोराले परदेशात कायले जायचं. बेबीताई म्हणे, साहेब, त्याची सवारी तिकडं राह्यली."

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. काउंटरवरची बाई काचेतून पाहत होती.

"वेळ लागीन," तो म्हणाला. "व्हिसा-बिसा. लय दिवस लागतीन."

"लागू दे."

"गाडीत बसली?"

"बसले."

"क्लच दाब."

"दाबला."

बुलढाण्यात तेव्हा दुपार झाली असणार. फोनमधून मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मी उजव्या सीटवरची पिशवी उचलून मागे ठेवली आणि पहिला गियर टाकला.