रोज एक फाइल

"हो आई, येताना आणतो. स्वल्प उशीर होईल. सरी, ठेवतो."

मकरंदने फोन ठेवला आणि वर पाहिलं, तर टेबलापुढे एक मुलगी उभी! हातात लॅपटॉप, कपाळावर भुरभुरणारी बट... आणि ओठ दाबून कसंबसं आवरलेलं हसू.

"बाप्पा! 'स्वल्प', 'सरी'... हे कुठलं मराठी हो?"

"बंगळूरचं, कन्नड मिसळलेलं," मकरंद म्हणाला. "आजोबांपासून आम्ही इथलेच. आणि तुमचं?"

"नागपूरचं. मी यशश्री. तुमची एक फाइल मला सकाळपासून छळून राहिली."

झालं! एरवी मुलींसमोर शब्दांना महाग असणारा आमचा मकरंद त्या एका वाक्यात गारद झाला.

मकरंदच्या हेब्बाळमधल्या संशोधन संस्थेत वीस वर्षांचे अहवाल, आराखडे आणि चाचण्यांच्या नोंदी एका जुन्या सर्व्हरवर पडून होत्या. चाळीस हजारांवर फायली! त्या सगळ्या आता क्लाउडवर न्यायच्या होत्या, म्हणजे कुणालाही कुठूनही एकत्र काम करता येणार होतं. ते काम यशश्रीच्या कंपनीकडे होतं. अडचण एवढीच, की कुणी फाइल 'चेक-आउट' करून ठेवली, तर ती जागची हलत नसे. वाचनालयातलं पुस्तक एकाच्या नावावर असलं की दुसऱ्याला मिळत नाही ना, तसंच. मकरंदने कधीकाळी एक अहवाल दुरुस्तीला घेतला होता आणि परत करायचं विसरून गेला होता.

त्याने फाइल सोडली. "थँक्यू हं," म्हणत ती तिसऱ्या मजल्यावर निघून गेली... आणि मकरंदला ऑफिस एकदम रिकामं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्याने पंख्यांच्या चाचणीचा एक जुनाट अहवाल शोधला. पंधरा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. मकरंदने तो चेक-आउट केला आणि देवाचं नाव घेऊन बसून राहिला. आयुष्यातली त्याची ही पहिली लबाडी!

साडेअकराला ती खाली आली.

"आज पंखे?"

"ते... थोडं तपासायचं होतं."

"पंधरा वर्षांनी?"

"घाईत केलेलं काम चांगलं होत नाही," मकरंद गंभीरपणे म्हणाला. ती अशी खळखळून हसली, की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग कॉफी घ्यायलाच हवी होती, नाही का?

बुधवारी व्हॉल्व्ह. गुरुवारी गंजरोधक रंग. रोज एक फाइल, आणि रोज कॅन्टीनच्या खिडकीशी दोन कॉफ्या. बाहेर बंगळूरच्या पावसाची ती रेंगाळणारी भुरभुर, आत स्टीलच्या पेल्यांतून वाफ.

"घरी काय बोलता? कन्नड का मराठी?" तिने विचारलं.

"पुरणपोळीला होळिगे म्हणतो. भांडतो मात्र मराठीत."

"म्हणजे बायको मराठीच लागणार," ती पेल्यात बघत म्हणाली. मकरंदला असा ठसका लागला, की तिला उठून त्याच्या पाठीवर थापटावं लागलं. तो हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला... की आपलं त्यालाच तसं वाटलं, देव जाणे.

पण गुरुवारी तिने अर्धीच कॉफी प्यायली.

"सुचेता मॅडमचा मेल आला," ती म्हणाली. सुचेता मॅडम म्हणजे तिच्या साहेब. "पहिल्यांदाच मला एकटीला काम दिलं होतं. रोज एक ना एक फाइल अडकून राहिली, असं का, म्हणून विचारलं. उद्या दुपारपर्यंत झालं नाही, तर पुढचं काम दुसऱ्याला देतील."

"आणि झालं तर?"

"तर सोमवारपासून होसकोट्याला. एका कारखान्यात."

होसकोटे! हेब्बाळहून बंगळूरच्या ट्रॅफिकमधून रोज तिथे, शहराबाहेर जायचं म्हणजे... त्यापेक्षा नागपूर जवळ. फायली अडवाव्यात तर तिच्या नावाला डाग, सोडाव्यात तर ती दूर. शिवाय तिने बोलणी खाल्ली ती आपल्यापायी, हे मनातून काही केल्या जाईना. अरे, प्रेम करायला निघालास आणि तिच्याच पायात पाय घातलास की रे बाबा!

शुक्रवारी नऊच्या आत त्याने आपल्या नावावरची शेवटची फाइल सोडून दिली. मग तो पहिल्यांदाच तिसऱ्या मजल्यावर गेला.

"यशश्री, मी मुद्दाम केलं. रोज. तुम्ही खाली यावं म्हणून. सुचेता मॅडमना मी स्वतः मेल लिहितो, चूक माझी आहे म्हणून."

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर ओळीने नोंदी होत्या. मंगळवार, नऊ बावन्न, मकरंद. बुधवार, नऊ पन्नास, मकरंद. गुरुवार, नऊ सत्तेचाळीस, मकरंद.

"दिवसेंदिवस लवकर येऊन राहिले होते तुम्ही," ती म्हणाली.

मकरंदचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्हाला मंगळवारपासून..."

"आणि हे बटण. कुणाचीही फाइल मला इथूनच सोडवता येते. बसल्या जागी."

"मग रोज तीन मजले उतरून का येत होता? बोलणी का खाल्लीत?"

"का म्हणजे?" यशश्रीचा आवाज एकदम हळू झाला. "तुम्ही आवडले म्हणून. आणि काल रात्री ठरवलं होतं... आज दुपारपर्यंत आपणहून वर येऊन खरं सांगितलं, तर ठीक. नाही तर बटण दाबायचं आणि तुम्हाला विसरून मुकाट होसकोट्याला जायचं."

फायली किती हलल्या ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला पोचली. काम फत्ते! दोघांपैकी एकानेही तिकडे पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली.

"हो काय? मी अजून काही विचारलंच नाही!"

"मग विचार ना," यशश्री हसली. "किती वेळ मनात धरून बसशील?"

आणि मकरंदने, एकदाचं, विचारलं.