बिनखवल्यांचा मासा

संत निकोलाच्या सणाची आदली दुपार. मी कार्प साफ करत होते, खवले नखांत अडकत होते. सासूबाई माशात भरायच्या सारणासाठी अक्रोड फोडत बसल्या होत्या, पण लक्ष सगळं फिशटँककडे.

टँक माझ्या नवऱ्याचा, रांगेलचा. आत एकटाच कॅटफिश: काळा, मिशाळ, अंगावर औषधालाही खवला नाही. दिवसभर मातीच्या नळीत दडायचा, अंधार पडला की बाहेर. बोटीच्या दोराने करंगळी नेलेल्या हाताने रांगेल काचेवर दोनदा टकटक करायचा, आणि हा ‘कर्र’ करून ओ द्यायचा. मला कधी दिली नाही मेल्याने! वसंतात रांगेल डॅन्यूब नदीत बुडाला. प्रेत सापडलं नाही. तो परत येणार, हा माझा हेका.

“रुमेना, सणाला खवल्यांचाच मासा चालतो, हा बिनखवल्यांचा घरात नको,” सासूबाई म्हणाल्या. “बुडालेल्यांना हाका मारतो तो.”

“मारू दे की! मला दुसरं काय हवंय, आई?”

“येईल तो आपलाच, कशावरून गं?”

“येऊ तर दे.”

त्यांनी छातीवर क्रूस काढला. रात्री जेवणं आटोपून त्या निजायला गेल्या. मी दिवा मालवून टँकपाशी बसले.

बऱ्याच वेळाने मासा आपणहून बोलला. कर्र... कर्र... मग नदीच्या गाळाचा वास आला, आणि काचेवर दोनदा टकटक झाली.

“रांगेल...?”

मासा सर्रकन नळीत शिरला. रांगेलला पाहून तो कधीच लपला नव्हता. घाबरले मी, खोटं कशाला बोलू? पण उठले नाही.

“कोण असशील तो अस,” मी म्हणाले. “माझा माणूस कुठाय ते सांग, नाहीतर चालता हो. हा मासा न्यायला आला असशील, तर मिळायचा नाही.”

वास हळूहळू विरला.

सकाळी टँकचं जड झाकण जागच्या जागी होतं. काचेच्या आतल्या बाजूला, हिरव्या शेवाळात, हाताचा पंजा उमटला होता. पाचही बोटं धड.

“हा माझा रांगेल नव्हे!” सासूबाई टँकपासून मागे सरल्या. “फेक तो मासा, पोरी...”

“नाही फेकणार. परक्याला आणलं, तसा घरच्यालाही आणेल.”

ठसा मी पुसलेला नाही. सगळी काच हिरवी झाली, त्या पंजावर मात्र शेवाळ धरत नाही. फक्त परवापासून करंगळीवर तेवढं चढायला लागलंय.