मधली मेंढी

नातवानं सुट्टीला यावं, चार माणसांत बसावं, मेंढ्यांमागं दोन पावलं चालावं, तर ते नाही. अंगद दिवसभर मांडीवर कॉम्प्युटर घेऊन लिंबाखाली. हाक मारली तर नुसतं "हां आज्जी." मनकर्णाला वीट आला होता.

त्यात त्यानं काजळी आणि मोरी या मेंढ्यांभोवती मोबाइल फिरवून त्यांचे पुतळे पडद्यावर उभे केले.

"यंत्राला मेंढी ओळखाया शिकवायलो," तो म्हणाला. "दोन दाखवून भागत न्हाई. मंग काजळीची हळूहळू मोरी करायची. मधल्या समद्या मेंढ्या हे आपोआप बनवतं."

पडद्यावर काजळीचं नाक फुगलं, कान लांबले. अंगदनं तिला मधोमध थांबवलं. ना ही, ना ती.

"आसली मेंढी हाय का कुटं?"

"न्हाई. पन आसू शकती."

"लई शाना!" मनकर्णा फणकारली.

मेंढ्या तेव्हा उमापूरच्या शिवारात बसवल्या होत्या. दिवस मावळताना तिनं कोकरं सोडली. ओरडण्याच्या एवढ्या कालव्यातही जे ते आपल्या आईला धरतं. काजळीचं कोकरू मात्र तिला वळसा घालून गेलं. मोरीचंही. दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत दोन्ही कोकरं समोरासमोर गुडघ्यावर बसली आणि शेपट्या हलवत वर ढुसण्या द्यायला लागली.

"मेल्यांनो, खुळावलात का?" तिनं एकाला ओढून काजळीच्या कासेला लावलं. त्यानं तोंड फिरवलं.

त्याच्या ओठांवर फेस होता. तिनं बोटानं चाखला. कोमट दूध.

पुढं काजळी-मोरीची कास आटली. कळपाभोवतीची वाघुरीची जाळी उचलून दुसऱ्या शेतात ठोकली, तरी त्या दोघी मध्ये तेवढी जागा सोडूनच बसत. कोकरं आधी गुबगुबीत झाली. मग तिथंच तोंड मारून ओरडायला लागली. वाळत चालली.

अंगदचं तोंड उतरलं. "आज्जी, ती मधली पुसून टाकतो."

"थांब."

मनकर्णा वाकली. रिकाम्या जागेत तिनं हात घातला.

लोकर लागली.

लोकरीखाली नुसत्या बरगड्या.

तिचा हात तिथंच राहिला. तिनं मान वळवून नातवाकडं पाहिलं.

"पुसायचं कावून? ही दोन्ही लेकरं मरतील. जित्राब केलंस, आन त्याला चारा कोन टाकंल रं, तुझा कॉम्प्युटर? ऊठ. पाला आन."