अंगातली सवत

लखनौच्या अमीनाबाद बाजारात पडद्याचं कापड घ्यायला देवयानी गेली, तर दुकानदार ओळखीचं हसला. "भाभीजी, उस दिन तो आपने खूब हँसाया!" देवयानी त्या दुकानात पहिल्यांदाच येत होती. निदान तिला तरी तसंच वाटत होतं.

म्हणजे 'ती' इथंही येऊन गेली होती.

पोटातलं बाळ गेल्यापासून देवयानी अशी मधूनच हरवायची. भानावर यायची तेव्हा दुपार सरलेली असायची. एरवी घरात मराठीच बोलणारी ही बाई, पण तेवढा वेळ निव्वळ लखनवी हिंदी बोलायची आणि खळखळून हसायची.

डॉक्टरांनी समजावलं होतं की, दुःख झेपेनासं झालं की मेंदू भावनांवर झाकण ठेवतो, आठवणी एकमेकींपासून तुटतात. "दूसरी औरत कोई नहीं है, आप ही हैं." उपाय गोळ्यांपेक्षा बोलण्याचा, सावकाशीचा. आणि ती हरवली की नवऱ्यानं मराठीत, नावानं हाक मारून तिला परत आणायचं.

सुबोध स्वतः शास्त्रज्ञ, त्याला हे पक्कं कळत होतं. पण तो हाकच मारत नसे. उलट तिच्याशी हिंदीत गप्पा छाटत बसे. "तेवढाच वेळ घरात कुणी हसतं गं," त्यानं एकदा कबूल केलं. देवयानीच्या अंगाचा तिळपापड झाला. सवत बाहेरची असती तर झिंज्या उपटल्या असत्या. स्वतःच्याच कशा उपटणार?

तिनं नेटानं उपचार घेतले. डॉक्टरांसमोर बाळासाठी ढसाढसा रडली. थंडी पडेपर्यंत 'ती' यायची थांबली. सुबोध अबोल झाला. देवयानी मनातून खूश होती, हे का लपवा?

त्या दुपारी धुक्यात फाटकसुद्धा दिसत नव्हतं. देवयानी स्वयंपाकघरात मटार सोलत होती, अगदी भानावर. बोटांना शेंगांचा गारवा कळत होता. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सुबोधचं हसू ऐकू आलं. आणि त्यात मिसळलेलं एका बाईचं... तिचं स्वतःचं.

तिनं तोंडावर हात दाबला. ओठ मिटलेले होते. हसू चालूच होतं.

ती दारात गेली. सोफ्यावर सुबोध एकटाच होता. तिला पाहताच तो शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून पुटपुटला, "रुको... वो आ गई."

"तो क्या हुआ?" त्या जागेतून देवयानीचाच आवाज आला. "बैठने दो बेचारी को..."

सुबोधनं शेजारची जागा तशीच राखली आणि पाहुण्या बाईला दाखवावी तशी देवयानीला समोरची खुर्ची दाखवली.