कुडकुडणारा मंगळ

“आधीच कुडकुडतोय बिचारा... त्याला आणखी दही कशाला?”

नंदा दचकलीच. तापट मंगळ शांत व्हावा म्हणून हातात दहीभाताची वाटी घेऊन ती मंगळनाथाच्या देवळात रांगेत उभी होती. मागे वळून पाहिलं, तर स्वतःच्या आईला सोबत म्हणून आलेला एक उंच तरुण हसत होता.

“कोण कुडकुडतोय?”

“मंगळ. तिथं बर्फाहून जास्त थंडी असते.”

“काहीतरीच! आगीचा गोळा आहे तो. लालभडक दिसत नाही?”

“जंग लागलाय हो त्याला. जुन्या तव्याला लागतो ना... बिलकुल तसा.”

नंदाचं तोंड उघडंच राहिलं. ज्या मंगळापायी तिची चांगली चांगली स्थळं मोडली, नवऱ्याच्या जिवावर उठणारी मुलगी म्हणून तिच्याबद्दल गावभर कुजबुज झाली — तो मंगळ म्हणजे गंजका तवा?

तरुणाचं नाव श्रीपाद. बांधकाम खात्यात नकाशे काढायचा आणि संध्याकाळी, आरती झाली की, घरी बनवलेली दुर्बीण घेऊन नदीवरच्या राम घाटावर बसायचा. छप्पन सालच्या त्या भादव्यात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. बघ्यांची ही गर्दी! वहिनीला घेऊन नंदाही गेली.

तिनं दुर्बिणीला डोळा लावला आणि श्वासच रोखला. इवलासा केशरी ठिपका, कडेला पांढुरकी टिकली.

“ते पांढरं काय?”

“बर्फ.”

“बाई गं! मी... मी एवढ्याशाला भीत होते?”

हसता हसता तिचे डोळे भरून आले. श्रीपादनं रुमाल पुढे केला. वहिनी मुद्दाम नदीकडे बघत राहिली.

मग भेटेल तेव्हा नवा धक्का. नाग दूध पीत नाही. वटवाघूळ आंधळं नसतं.

“तुम्ही जगात काही शिल्लक ठेवणार की नाही?” ती एकदा वैतागून म्हणाली.

“तुम्हाला ठेवलंय ना—” तो बोलून गेला, आणि दोघंही लाल झाली.

दिवाळी जवळ आली. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार होता. श्रीपादचं ऑफिस भोपाळला निघालं. घाटाच्या पायरीवर त्यानं सरळ विचारलं, “माझ्याशी लग्न कराल?”

नंदा उठून उभी राहिली. “बर्फ पाहिलाय मी... पण तुम्हाला काही झालं तर?” एवढं म्हणून ती पळालीच.

तो जायच्या दिवशी मात्र तिला घरात राहवेना. धापा टाकत ती स्टेशनवर पोचली. श्रीपाद आईसोबत डब्यात बसला होता.

“भीती गेलेली नाही माझी,” खिडकीशी येऊन ती म्हणाली. “पण... भीतीसकट हो म्हणते.”

“भीती कसली गं?” त्याची आई पुढे वाकली.

“मला... मंगळ आहे.”

“मग काय झालं? यालाही कडक मंगळ आहे! मंगळनाथाला मी उगीच खेटे घालत होते? बोलला नाही का हा?”

नंदा श्रीपादकडे वळली. “तुम्ही... इतके दिवस...”

“सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्या पत्रिकेला हो म्हटलं असतं,” श्रीपाद हळूच म्हणाला. “मला नाही.”

शिट्टी झाली. गाडी हलली.

“बदमाश कहीं के!” नंदा ओरडली, आणि खिडकीतला त्याचा हात घट्ट धरून प्लॅटफॉर्म संपेपर्यंत गाडीबरोबर धावत राहिली.