अंघोळीपुरती सायकल

अंगदनं अंबिकाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सायकलवर नव्हती, सायकलच्या शेजारून चालत होती. मुकुंदवाडीच्या पुढं, सकाळचं ऊन पाठीला चटके देऊ लागलेलं. ओढणी तोंडाला गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते. पंक्चर असेल म्हणून तो आपल्या सायकलवरून उतरला आणि टायर दाबून पाहिलं. हवा टणक होती.

"चांगली आहे की सायकल."

"मी कुठं वाईट म्हटलं?"

"मग चालताय का?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. "चालवता येत नाय... कुणाला सांगू नका. कंपनीच्या गेटजवळ एक पाय पायडलवर ठेवते, तेवढं भागतं."

पार गारखेड्यापासून ही पोरगी सायकल हातात धरून चालत येत होती.

दोघांच्या कंपनीच्या मालकांनीच तशी शक्कल काढली होती. कामगारांनी सायकलनं यावं म्हणून त्यांनी सांगून टाकलेलं — सायकलवर येईल त्याला कंपनीत अंघोळ, आणि जाताना घरी न्यायला एक कॅन पाणी. जायकवाडी धरणानं तळ गाठला होता. नळाला आठवडा आठवडा पाणी नव्हतं, नव्या इमारती मात्र उठतच होत्या. त्या उन्हाळ्यात एवढं आमिष पुष्कळ झालं. गाडीतून फिरणारे साहेबही घाम पुसत पायडल मारू लागले.

अंबिका पॅकिंगला होती, अंगद मशीनवर. सुट्टी झाली की कंपनीमागच्या मोकळ्या रस्त्यावर तो तिला शिकवू लागला. सीट धरून मागं पळायचा. ती पडायची, धूळ झटकून उठायची आणि दोष त्यालाच द्यायची.

"सोडलं नाय ना?"

"धरलंय."

"खरंच?"

त्यानं केव्हाच सोडलेलं असायचं.

एके दिवशी ती एकटी टोकापर्यंत जाऊन, वळून परत आली. धापा टाकत म्हणाली, "झालं, अंगदराव. आता उद्यापासून कशाला थांबाल?"

"हँडल अजून डुगडुगतं तुझं."

"तुम्ही बघता म्हणून डुगडुगतं."

मग दोघं बरोबरच येऊ-जाऊ लागले. अंघोळ करून ती पॅकिंगला जायची, तेव्हा ओल्या केसांचा, साबणाचा वास मशीनपर्यंत यायचा. सगळं शहर सुकलेलं, आणि तेवढाच एक ओला वास. तो खोलीवर एकटा राहायचा, म्हणून आपला कॅनही कधी कधी तिच्या हँडलला अडकवायचा. ती नको म्हणायची नाही. फक्त त्या दिवशी सायकल हळू चालवायची.

अंगद वैजापूरकडच्या एका वाडीतला, मेंढपाळाचा पोरगा. वडील गेलेले, आई पुतळाबाई थोडी मेंढरं राखून होती. अंबिकाही त्यांच्याच समाजातली. अडचण कुठं दिसत नव्हती, म्हणून तो सरळ तिच्या वडलांकडं गेला.

खंडेराव गावोगाव पाण्याचा टँकर चालवायचे. पोरगा त्यांना आवडला. लग्नानंतर पोरगी राहणार कुठं, एवढंच त्यांनी विचारलं. अंगदनं त्यांच्यात चालत आलं होतं तेच सांगितलं — नवी सून पहिली वर्षं सासूजवळ राहते, घर आणि मेंढरं बघते, पोरगा शहरातून येऊन-जाऊन असतो.



"तुमच्या वाडीला टँकर मीच आणतो," खंडेराव म्हणाले. "विहिरीत पाइप सोडला की बाया कशा तुटून पडतात, ते मी वरून बघतो. माझी पोरगी त्यात मला बघवायची नाय."

ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी अंबिका सायकलवर बसली नाही. नुसती धरून उभी राहिली.

"दोघं शहरात राहू, एवढंच म्हणायचं होतंत आबांना," ती म्हणाली.

"आईला एकटं टाकून? आपल्यात तसं—"

"आईला विचारलंत?"

त्यानं विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं सांगितलं, नाशिककडचं एक स्थळ आहे, कॅनॉलच्या काठचं. आबांनी त्यांना निरोपही धाडला आहे. "तेवढ्यात विचारून या," ती म्हणाली. "मी... थोपवून धरते."

अंगद एसटीनं गावी गेला, तर घराला कडी. वाडीत टँकर आला नव्हता म्हणून आई मेंढरं घेऊन गोदावरीकडं निघून गेलेली. माग काढत तो रानोरान हिंडला. दिवस गेले. शेवटी एका उघड्या माळावर ती सापडली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि काठी खाली टाकली.

"जन्मभर मी हंडे वाहिले, आता तिला वाहायला लावू व्हय? ठेव तिला शहरात. मला कशाला मधी धरलंस? एका शब्दानं विचारायचं होतंस रे..."

तो तसाच परत फिरला. स्टँडवरून थेट गारखेड्यात, तिच्या घरी. दारात चपलांचा ढीग होता. त्याच सकाळी सुपारी फुटली होती.

पाणी द्यायच्या निमित्तानं अंबिकाच बाहेर आली. नवी साडी, कपाळावर ताजं कुंकू. डोळे सुजलेले.

"लई वाट पाहिली," ती म्हणाली. मग हळूच, "आई काय म्हणाली?"

अंगद पाणी प्याला. आईचे शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. पण ते सांगितले, तर ही ते जन्मभर उराशी धरून बसणार, त्या कॅनॉलच्या काठी.

"नको म्हणाली," तो म्हणाला. "सून जवळच पाहिजे तिला."

अंबिकानं मान हलवली. इतके दिवस ताठ धरलेले खांदे खाली आले.

"मग बरं झालं. नाहीतर मला वाटत राहिलं असतं..."

"तेच म्हणतो मी."

आतून कुणीतरी हाक मारली. त्याच्या हातातला रिकामा तांब्या घेऊन ती आत गेली. अंगद पायऱ्या उतरला. रस्त्यावर आला, आणि आता माणसानं कुठं जायचं असतं, हेच त्याला कळेना.