बुरुलचे रिकामे कान

गारा सुरू झाल्या तशी बुरुल कोचकोर गावच्या गुरांच्या बाजारात एका ताडपत्रीखाली घुसली. मान वर करते तो काय, एक मेंढा तिच्या भूगोलाच्या पुस्तकाचं पान चघळतोय!

"अरे, आवर तुझ्या मेंढ्याला! 'स्थलांतर' खाल्लं की त्यानं!"

मेंढ्याचा मालक एर्मेक लाजला, मग हसला. "विद्यापीठाची प्रवेश परीक्षा मलाही द्यायचीय. मेंढ्याला धडा पचला… मला शिकवशील?"

त्या उन्हाळ्यात नदीकाठी बसून तिनं त्याला लोकसंख्येची घनता शिकवली, बाजाराची अर्थव्यवस्था शिकवली, घरातल्या बिनपगारी श्रमाचा धडाही शिकवला.

"ढकलणारे घटक म्हणजे माणसाला गावाबाहेर काढतात ते. बेकारी, दुष्काळ. आणि ओढणारे?"

"तुझी वेणी," तो म्हणाला.

"गुण शून्य," ती म्हणाली खरी, पण घरी जाऊन तिनं वेणी पुन्हा घातली.

निकाल लागला. तिला बिश्केकच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तो नापास झाला. म्हणाला, मॉस्कोला जातो, इमारतीच्या कामावर.

"आई उद्या येतेय… तुझ्या कानात डूल घालायला."

सासूनं कानात डूल घातले की मुलगी त्या घरची झाली. बुरुलच्या अंगभर आनंद पसरला.

"मग तू आईजवळ राहा. तिचे गुडघे गेलेत, गाईंची धार कोण काढणार? मी पैसे पाठवीन."

"आणि माझं शिक्षण?"

"मी परत आलो की बघू."

"एर्मेक, तुला मी हवीय की आईला सून?"

"त्यात फरक काय?" त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. बिनपगारी श्रमाचा धडा त्यानं तोंडपाठ केला होता, आणि तरीही! बुरुलला रागाहून रडूच जास्त आलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. चहा झाला, पाव मोडला. तिनं रुमालातून डूल काढले. बुरुलनं दोन्ही कान हातांनी झाकले.

"आपा, आईसारख्या तुम्ही, माफ करा. मी शिकायला जाते."

बुरुलच्या आईनं तोंड फिरवलं. एर्मेकच्या म्हाताऱ्या आईनं डूल पुन्हा रुमालात बांधले. "माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं, पोरी," एवढं बोलून ती लंगडत निघून गेली.

महिनाभरात तेच डूल शेजारच्या आळीतल्या झीपारच्या कानात गेले.

ऑगस्टअखेर बुरुल बिश्केकच्या गाडीत चढली. एकच जागा उरली होती, एर्मेकच्या शेजारची. त्याचं मॉस्कोचं विमान त्याच रात्री होतं. गाडी डोंगर उतरली.

"झीपार आईला जीव लावते," शेवटी तो म्हणाला.

"बरं झालं."

"तू विचारत नाहीस… मला ती—"

"नाही विचारत."

स्थानकावर त्यानं तिची पिशवी उतरवून दिली आणि विमानतळाच्या बसकडे चालू लागला. सावकाश, रेंगाळत. एक हाक मारली असती तर तो थांबला असता, मॉस्को सोडून आला असता, आणि तिला घेऊन गावाकडे वळला असता. तिला हे पक्कं ठाऊक होतं.

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. बस सुटेपर्यंत उघडले नाहीत.